डोंगरीचं कापड : कपडेपटाची वही

३ मार्च

मंदारचा फोन. नर्सिंग कॉलेजच्या मुलींची एकांकिका बसवतोय, प्रयोग १२ मेला, अकरा युनिफॉर्म लागतील. मी म्हटलं, पांढरे ना, आठवड्याचं काम आहे. तर म्हणतो, "मावशी, नौदलाच्या नर्सेस आहेत. अमेरिकेच्या. आणि तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत." म्हणजे आठवड्याचं काम नाही.

संहिता वाचून काढली. गोष्ट फिलिपिन्समधली आहे आणि खरी आहे. मनिलाच्या उपसागरात कविते इथे अमेरिकी नौदलाची गोदी, समोरच कनाकाओचं नौदल रुग्णालय. पर्ल हार्बरनंतर दोनच दिवसांत, १० डिसेंबर १९४१ ला, जपानी विमानांनी गोदी जाळली आणि जखमी कनाकाओला येऊन पडले. तिथे बारा नर्सेस होत्या, त्यांची प्रमुख लॉरा कॉब, कॅन्ससची, पन्नाशीला टेकलेली. पुढे सगळ्यांची पांगापांग झाली. ॲन बर्नाटायटस नावाची एक जण लष्कराच्या शस्त्रक्रिया पथकाबरोबर बताआन द्वीपकल्पावर गेली आणि मे १९४२ मध्ये कोरेगिडोर बेटाहून स्पीअरफिश पाणबुडीतून निसटली. उरलेल्या अकरा जणी मनिलात पकडल्या गेल्या. आपल्या मुली त्या अकरा.

बजेट अठरा हजार. त्यात कापड, टोप्या, बूट, माझी शिलाई आणि रिक्षाभाडंही. मंदारला विचारलं, उरलेल्या पैशांचं काय करायचं? त्याला विनोद कळला नाही.

६ मार्च

पहिली बैठक, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये. मुली एकोणीस-वीस वर्षांच्या, ड्यूटी करून आलेल्या, दोघी तर बाकावर झोपल्याच. मला 'काकू' म्हणायचं हे त्यांनीच ठरवलं.

प्रवेश चार. पहिला कनाकाओ, डिसेंबर १९४१. दुसरा मनिलातलं सेंट स्कॉलस्टिका कॉलेज, जिथे तात्पुरता दवाखाना होता आणि जिथे त्या पकडल्या गेल्या. तिसरा, सगळ्यात लांब, लॉस बान्योसची छावणी, १९४३ ते ४५. चौथा सुटका. मधली सांतो तोमास विद्यापीठातली छावणी निवेदनात उरकली आहे.

मी लगेच कागद काढून प्रत्येक प्रवेशासमोर रंग लिहिले. पांढरा, पांढरा, निळा, निळा. मंदार म्हणाला, "निळा का? नर्स म्हणून कळायला नकोत का?" छावणीत त्यांच्याकडे पांढऱ्यातलं धड काही उरलं नव्हतं आणि त्यांनी खलाशांच्या निळ्या जाड कापडाचे युनिफॉर्म शिवून घातले, हे मी त्याच्याच संहितेच्या टिपणांतून वाचून दाखवलं. गप्प बसला. पटलेलं नाही, हे दिसत होतं.

११ मार्च

पैसे वाचवायचे म्हणून पांढरे ड्रेस भाड्याने बघितले. कपडेपट भाड्याने देणाऱ्या एका दुकानाने नमुना पाठवला. उघडून बघते तर टेरिकॉटचा, गुडघ्याच्या वर, पाठीला झिप, खिशावर लाल क्रॉस. हिंदी सिनेमातली नर्स. तिला इंजेक्शन देता येत नाही, फक्त डॉक्टरला "कॉन्ग्रॅच्युलेशन्स" म्हणता येतं.

टोपी मात्र बरी निघाली. कडक, पांढरी, काळ्या मखमली पट्टीची. पण पट्टीवर सोनेरी फीत. अकराही टोप्यांना. मंदारला ती फीत फार आवडली, लाइटमध्ये चमकते म्हणे.

इथे माझं डोकं तापलं आणि मी त्याला बसवून सांगितलं. फीत ही हुद्द्याची खूण आहे. १९४१ च्या डिसेंबरात या बायकांना हुद्दाच नव्हता. नौदलात त्या अधिकारीही नव्हत्या आणि खलाशीही नव्हत्या, मधल्यामध्येच. १९०८ मध्ये नौदलाचं नर्स दल उभं राहिलं, पहिल्या वीस जणी घेतल्या, तरी चौतीस वर्षं हीच तऱ्हा. ३ जुलै १९४२ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना 'सापेक्ष हुद्दा' दिला, म्हणजे नाव अधिकाऱ्याचं पण पुरता अधिकार नाही. खरं कमिशन, म्हणजे पुरतं अधिकारीपद, २६ फेब्रुवारी १९४४ ला, तेही युद्धापुरतं. कायमचं १९४७ मध्ये. नर्स दलाच्या प्रमुख सू डॉसर या अमेरिकी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन झाल्या त्या याच काळात.

आणि हे सगळं झालं तेव्हा आपल्या अकरा जणी तारेच्या कुंपणाआड होत्या. बाहेर टोप्यांवर फिती चढल्या, यांच्या टोप्या मनिलातच राहिल्या.

"मग फीत उसवून टाकू?" मंदार. हो. भाड्याची टोपी आहे, परत देताना पुन्हा शिवू.

१५ मार्च

रविवार पेठ, कापडगंज. सकाळी दहाला गेले तर अर्धी दुकानं बंद.

हवं होतं हलकं डेनिम, स्ट्रेच अजिबात नको. हल्ली स्ट्रेच नसलेलं डेनिम मागितलं की दुकानदार आपल्याकडे म्हातारी म्हणून बघतो. चौथ्या दुकानात मिळालं. ५८ इंच पन्हा, २१० रुपये मीटर. ड्रेसला सव्वादोन मीटर धरून पंचवीस मीटर घेतलं, पाव मीटर माझ्या चुकांसाठी. (चुका पाव मीटरच्या नसतात, पण बजेट तेवढंच.)

तो म्हणाला, "बाई, डांगरीला पाहिजे का?" मी हसले. डेपोतले मेकॅनिक घालतात ती डांगरी. आणि नेमकं तेच हवं होतं. अमेरिकी खलाशांच्या कामाच्या कपड्यांना इंग्रजीत 'डंगरी'च म्हणतात, १९०१ पासून त्यांच्या नौदलाने ते कामाला चालवून घेतले. आणि शब्द मूळचा आपल्या मुंबईचा, डोंगरीचा! डोंगरीच्या किल्ल्याच्या आसपास जाडंभरडं सुती कापड विकायला यायचं, गोऱ्यांची जहाजं ते शिडांना नि खलाशांच्या कपड्यांना घेऊन जायची. सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदपत्रांत हे कापड सापडतं. तिकडे जाऊन डोंगरीचं 'डंगरी' झालं आणि परत येताना डांगरी होऊन आलं.

दुकानदाराला हे सगळं सांगितलं. त्याने मीटरमागे पाच रुपये कमी केले.

१९ मार्च

होस्टेलवर मापं. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही. अकरा मुली आणि मी, दीड तास. मध्येच दोघींना वॉर्डातून बोलावणं आलं, त्यांची मापं व्हरांड्यात उभ्याने घेतली.

कॉबचं काम करणारी मुलगी सर्वांत बुटकी निघाली. मंदारने आवाजावर निवडलीय. बरोबर केलंय.

२४ मार्च

मांजरपाटाचा नमुना शिवला. कट माझा मी ठरवला आणि तो ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारला : हातात पुरुषांचे कामाचे कपडे आणि थोडं ताग्याचं कापड आहे, मशीन मिळेल न मिळेल, आणि उद्या ड्यूटी आहे, तर बाई काय शिवेल?

घेर कमी, कळ्या नाहीत. कापड वाचवायचं. पुढून बटणं, कारण झिप नाही आणि दुसऱ्या कुणी पाठीमागून बंद करून द्यावं लागेल असा कपडा ड्यूटीला चालत नाही. बाही कोपराच्या वर. फिलिपिन्सचा उकाडा म्हणजे आपल्या कोकणातला मे महिना, तो बाराही महिने. कॉलर ठेवली. ती लागत नव्हती, तिला कापड जातं, पण ठेवली. कॉलर काढली की तो घरात घालायचा झगा होतो. कॉब बाईने या युनिफॉर्मचा आग्रह धरला तो शिस्तीसाठी, तर शिस्त कापडात कुठेतरी दिसायला हवी.

खिसे दोन, मोठे. इथे मुलींनी सल्ला दिला. एकीने स्वतःच्या ॲप्रनचा खिसा रिकामा करून दाखवला. कात्री, चिकटपट्टी, पेनं तीन, टॉर्च, स्पिरिटचे बोळे, अर्धं बिस्कीट. "काकू, खिसा कंबरेवर नको, मांडीवर हवा. वाकलं की सगळं बाहेर पडतं." नमुन्यावरचे खिसे उसवून तीन इंच खाली आणले.

पांढऱ्या ड्रेसची बटणं वेगळी काढता येणारी केली, मागे रिंग असलेली. त्या काळी नर्सेसच्या युनिफॉर्मला अशीच बटणं असत, कारण धुलाईच्या रुळांत बटणं फुटायची. धुण्याआधी बटणं काढायची, खळ घालून इस्त्री झाली की परत लावायची. आमची आई नीळ-खळ करायची तेव्हा बाबांच्या सदऱ्याची सोनेरी बटणं डबीत काढून ठेवायची, तेच.

२ एप्रिल

आजची चूक लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लाज वाटेल.

घाईघाईत दोन ड्रेसचं कापड न धुताच कापलं. बाकीचं सोडा घालून गरम पाण्यात भिजवलं, वाळवल्यावर मोजलं, तर मीटरमागे जवळजवळ दोन इंच आटलेलं. म्हणजे ते दोन ड्रेस पहिल्या धुण्याला गुडघ्याच्या वर जाणार. एक कॉबला बसेल, तिची उंचीच तेवढी. दुसऱ्याला खाली वेगळी पट्टी जोडावी लागेल.

रात्री जोडलेली पट्टी बघितली आणि वाटलं, ही चूक चांगलीच झालीय. कैदेतल्या ड्रेसला जोड नसेल तरच नवल! आणखी तीन ड्रेसना मुद्दाम जोड दिले, एकाला पाठीवर, दोघांना काखेत.

३ एप्रिल

सोळा नंबरच्या तीन सुया मोडल्या. अठराच्या आणल्या.

९ एप्रिल

आज तालमीला थांबले आणि माझा सगळा हिशेब चुकीचा निघाला.

माझी योजना अशी होती : १९४३ ते ४५ मध्ये बायका हडकत जातात, तर तिसऱ्या प्रवेशात ड्रेस अंगावर सैल होत गेला पाहिजे. त्यासाठी कंबरेला आणि पाठीला कच्चे टक घातले होते. मुलगी विंगेत गेली की धागा ओढायचा, टक सुटतो, ड्रेस दोन इंच मोठा. कापडी पट्ट्याला कात्रीने जास्तीची भोकं पाडलेली, दर प्रवेशाला एक भोक आत. मी स्वतःवर खूश होते.

मार्गारेट नॅशचं काम करणारी मुलगी टक सोडून बघत होती. म्हणाली, "काकू, हे बरोबर आहे, पण पाय?"

"पायांचं काय?"

"पाय बारीक नाही होणार. सुजणार." मग तिने मला बेरीबेरी समजावून सांगितला. ब१ जीवनसत्त्व मिळालं नाही की एक तर नसा जातात, पाय बधिर होतात, माणूस फरपटत चालतं. किंवा हृदय थकतं आणि अंगात पाणी साठतं. तोंड, हात हडकलेले, आणि घोट्यापासून वर सूज. माझा हात धरून माझ्याच नडगीवर बोट दाबून दाखवलं. "असा दाबला की खळगा राहतो. मिनिटभर भरत नाही." माझा लगेच भरला. तिने तो बघितलासुद्धा, सवयीने.

लॉस बान्योसला शेवटी माणशी दिवसाला हजार कॅलरीही पडत नव्हत्या. रसदीचा जपानी अधिकारी कोनिशी (युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला, फाशी झाली) धान्य कापत गेला आणि शेवटी त्याने कैद्यांना टरफलासकट भात दिलं. तांदूळ नव्हे, भात, म्हणजे साळ. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कांडायला उखळ-मुसळ पाहिजे, पाखडायला सूप पाहिजे आणि मुसळ उचलायला अंगात बळ पाहिजे. तिन्ही नसलेल्या लोकांना भात देणं म्हणजे काय ते कळतं.

वर ही मुलगी म्हणते, "त्याच कोंड्यात ब१ असतं, काकू." आमच्या आजोळी हातसडीचा तांदूळ होता, त्याचं कौतुक कधी केलं नाही.

तर आता काम असं : तिसऱ्या प्रवेशाच्या उत्तरार्धात चौघींच्या घोट्यांना मोज्याखाली कापूस आणि क्रेप बँडेज. बांधणार त्या स्वतः. बँडेज बांधायला मी त्यांना काय शिकवणार! बूट दोन नंबर मोठे, नाड्या अर्ध्या सोडलेल्या. एकीने बुटाची मागची बाजू दाबून सपातेसारखा घातला आणि चालून दाखवलं. मंदार बराच वेळ काही बोलला नाही.

१० एप्रिल

पट्ट्यांना भोकं पाडताना अंगठ्यात आर घुसली. बँडेज वॉर्डातून आयतं मिळालं.

१७ एप्रिल

संहिता लिहिणारी बाई वास्कोची आहे, आज पहिल्यांदा तालीम बघायला आली. चहाच्या वेळी तिला विचारलं, हा विषय कुठे सापडला? म्हणाली, मुरगाव बंदरात.

ते असं. ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगावला कैद्यांची अदलाबदल झाली. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ती जागा. एका बाजूने जपानी जहाज तेइआ मारू, त्यात चीन-जपानमधले अमेरिकी नजरकैदी आणि वाटेत फिलिपिन्सहून घेतलेले सव्वाशेच्या आसपास. दुसऱ्या बाजूने स्वीडिश जहाज ग्रिप्सहोम, त्यात अमेरिकेतले जपानी. दोन्ही जहाजांतली माणसं एकमेकांच्या जहाजांत गेली आणि आपापल्या देशी परतली. तिच्या आजोबांनी ती जहाजं बघितली होती, घरात गोष्ट होती. पुढे ती शोधायला लागली : फिलिपिन्सहून सुटले ते सव्वाशे, मग राहिले कोण? राहिलेल्यांत या अकरा जणी सापडल्या.

ग्रिप्सहोमच्याच आदल्या वर्षीच्या फेरीने गुआम बेटावर पकडलेल्या नौदलाच्या पाच नर्सेस मात्र घरी पोचल्या होत्या. त्यांना जपानमध्ये नेलं होतं, १९४२ मध्ये आफ्रिकेतल्या लोरेन्सो मार्केसला अदलाबदल झाली. गुआमच्या पाच सुटल्या आणि मनिलाच्या अकरा अडकल्या, एकाच दलाच्या.

मी विचारलं, मुरगाव नाटकात का नाही? म्हणाली, "त्या तिथे आल्याच नाहीत ना." आवडली मला बाई.

२३ एप्रिल

निळ्या ड्रेसमध्ये पहिली तालीम. निरीक्षणं :

नवं डेनिम फार नवं दिसतं. चार धुणी झाली, दगडावर आपटलं, उन्हात उलटं-सुलटं वाळवलं, तरी अजून दुकानातलं वाटतं. कोपरे, खिशांची तोंडं, कॉलरची घडी यांवर पॉलिश पेपर मारायचा. आणि काळजीची गोष्ट, रंग अजून जातोय. पहिल्या प्रवेशातल्या पांढऱ्या ड्रेसला निळा डाग लागला. यापुढे दोन्ही वेगळ्या पिशव्यांत.

दुसऱ्या प्रवेशात एक जागा छान झालीय. जपानी सैनिक औषधांचा साठा ताब्यात घ्यायला येणार, त्यांना क्विनाइन हवं आहे, आणि नर्सेस क्विनाइनच्या बाटल्यांवर खाण्याच्या सोड्याची लेबलं लावतात. ही खरी घडलेली गोष्ट आहे. मुलींनी त्याला एवढा वेगाने हातखंडा केलाय की टाळी पडेल. एकीने विचारलं, "म्हणजे आपण असं केलं तर सस्पेंड ना?" ट्यूटर मॅडम मागेच उभ्या होत्या. "लगेच," म्हणाल्या.

तिसऱ्या प्रवेशात पत्र्याचं बेडपॅन, चिकटपट्टीऐवजी रबराच्या झाडाचा चीक, असली जुगाडं आहेत. ती प्रॉपर्टीवाल्याची डोकेदुखी, माझी नाही. पण चीक म्हणून त्याने फेव्हिकॉल वापरला आणि एका बाहीला फासला. निघत नाही. राहू दे तसाच.

३० एप्रिल

आज मोठं भांडण. शेवटच्या प्रवेशावरून.

मंदारला शेवट पांढरा हवाय. सुटका झाली की अकराही जणी पांढऱ्याशुभ्र, मागे प्रकाश, संगीत. त्याने पांढरे ड्रेस विंगेत तयार ठेवायला सांगितलं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, हे नाटक आहे, पुरावा नाही." मी म्हटलं, पुराव्यासाठी नाही सांगत, नाटकासाठीच सांगतेय. आणि मग २३ फेब्रुवारी १९४५ ची सकाळ त्याला परत वाचायला लावली.

सकाळी सात. पहारेकऱ्यांपैकी बरेच जण कवायतीला, बंदुका दूर. त्याच वेळी वरून अकराव्या एअरबोर्न डिव्हिजनचे छत्रीधारी उतरतात, कुंपणाबाहेर रात्रीपासून दबा धरलेले फिलिपिनो गनिमी सैनिक आणि टेहळणी पथक तुटून पडतं, आणि लगुना दे बाय सरोवरातून पन्नासच्या वर उभयचर लष्करी गाड्या पाणी कापत येतात. दोन हजार एकशे सत्तेचाळीस माणसं, म्हातारी, आजारी, बाळंतिणी. सुटलो हेच त्यांना कळेना, गाठोडी बांधत बसली, म्हणून शेवटी सैनिकांनी झोपड्या पेटवल्या तेव्हा हलली. डोरोथी स्टिल तीन दिवसांचं मूल छातीशी घेऊन गाडीत चढली. नर्सेस तिथेही कामावरच होत्या, आजारी लोकांना चढवत होत्या.

"आता सांग," मी म्हटलं, "ड्रेस बदलायला त्या कुठे गेल्या?"

तो हसला. मग म्हणाला, निळा ठेवू, पण निदान स्वच्छ निळा. तेवढं दिलं. कॉबची कॉलर खळ घालून कडक करते. ती एकटीच. तांदळाच्या पेजेची खळ असते, त्यामुळे त्या छावणीत ते जमलं नसतं हे मला माहीत आहे. ही माझी लबाडी, वहीत लिहून ठेवतेय.

वास्कोच्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मंदारने शेवटच्या निवेदनात घातली. कैदी सुटून गेले, त्यांतलं कुणीही दगावलं नाही. मग जपानी सैन्य लॉस बान्योसला परतलं आणि त्यांनी गावातले सुमारे दीड हजार फिलिपिनो मारले, बायका-मुलांसकट. टाळ्यांच्या आधी हे वाक्य येणार. मुलींना ते नको होतं, शेवट पडतो म्हणाल्या. ट्यूटर मॅडमनी ठेवायला लावलं.

५ मे

बॅजेस झाले. सोनेरी नांगर, त्यावर ओकचं पान, आणि दलाची तीन अक्षरं, एन एन सी. पत्रा कापून, तुळशीबागेतला सोनेरी रंग देऊन. फक्त पहिल्या प्रवेशासाठी. अकरा बॅजेस, दहा पिना. एक पिन नेहमीच कमी पडते.

८ मे

रंगीत तालीम. कपडे बदलायला पावणेदोन मिनिटं आहेत, लागली चार. पांढऱ्याची रिंगवाली बटणं काढायला वेळ जातो. अस्सलपणाचा हव्यास अंगाशी आला. आतून टिचबटणं लावली, बाहेरून रिंगवाली नुसती शिवून टाकली. कुणाला कळणार नाही, मला कळेल.

टक सोडायचा धागा तिघींचा तुटला. जाड धागा, मेण लावून, परत घातला. रात्री दीडला झोपले.

१२ मे

प्रयोग झाला. सगळे टक सुटले. कॉबची कॉलर दिव्यात बरोबर उठून दिसली. क्विनाइनच्या बाटल्यांना टाळी पडली. घोट्याचं बँडेज घातलेली मुलगी चालायला लागली तेव्हा पुढच्या रांगेतल्या जुन्या सिस्टरांपैकी एक जण शेजारणीला म्हणाली, "इडिमा बघ, पिटिंग असणार." म्हणजे सूज, आणि दाबल्यावर राहणारा तो खळगा. विंगेत ऐकू आलं मला.

दीड हजारांच्या वाक्यानंतर टाळी उशिरा आली. आली ती थांबेना.

१५ मे

कपडे परत आले. यादी : पांढरे अकरा, निळे अकरा, पट्टे दहा, बॅजेस नऊ, टोप्या अकरा. सोनेरी फिती टोप्यांना परत शिवायला बसले. दुकानवाल्याने दोनच रुपयांची फीत लावलेली असते, टाके मात्र मला चांगले घालावे लागतात.

ट्यूटर मॅडमचा फोन. कॉलेजच्या काचेच्या कपाटात जुन्या सिरिंज, पितळी ट्रे आणि एक जुनी नर्सची टोपी आहे, तिथे एक निळा ड्रेस ठेवायचाय. मी कॉबचा नको म्हटलं, फेव्हिकॉलच्या बाहीचा घ्या. सोबत लावायला चिठ्ठी लिहून दिली :

"नक्कल. लॉस बान्योस, फिलिपिन्स, १९४३ ते १९४५, अमेरिकी नौदलाच्या अकरा युद्धकैदी परिचारिका. कापड : डेनिम, ज्याला तिकडे मुंबईच्या डोंगरीवरून डंगरी म्हणतात. कृपया इतर कपड्यांबरोबर धुऊ नये, रंग जातो."

हिशेब : खर्च १९,४२०. मिळाले १८,०००. मंदारकडून येणे १,४२०. दोन बॅजेस आणि अकरावा पट्टा कुणाकडे आहेत ते मी विचारलेलं नाही.